दोन लिस्टचा गुणाकार आणि गायब झालेला दर

प्रश्न: मी पायथन शिकतेय. एका लिस्टमध्ये भाजीचे किलो आहेत, 2, 1, 5 आणि दुसरीत दर, 40, 60, 30. रेंज आणि लेन लावून, चौकोनी कंसात आय टाकून टाकून गुणाकार करते, उत्तर बरोबर येतं पण कोड बघवत नाही. यापेक्षा सोपं काही आहे का? बेरीज तरी सरळ होईल म्हणून मध्ये नुसतं अधिकचं चिन्ह टाकून बघितलं, तर एकीच्या मागे दुसरी लिस्ट चिकटून सहा आकडे आले!

उत्तर: अहो ते बरोबरच आहे, पायथनच्या लिस्टला अधिक म्हणजे जोडणंच कळतं, आकड्याला आकडा भिडवणं नाही. तुम्हाला हवंय ते झिप नावाचं फंक्शन, 2000 सालच्या पायथन 2.0 पासून आहे. लूपमध्ये ‘फॉर क, द इन झिप(किलो, दर)’ एवढं लिहा, प्रत्येक फेरीला एक किलो आणि त्याचाच दर हातात येतो, क गुणिले द केलं की 80, 60, 150. आय नको, लेन नको. एकूण बिलच हवं असेल तर सम, म्हणजे बेरीज करणाऱ्या फंक्शनच्या कंसात ‘क गुणिले द फॉर क, द इन झिप(किलो, दर)’ घाला, 290, एका ओळीत काम खल्लास.

आता खरी गोम. लिस्ट लहानमोठ्या असल्या तर झिप लहान लिस्ट संपली की गुपचूप थांबतं. शेवटचा 30 टाकायचा राहिला तर बिल 140 येईल, एरर वगैरे काही नाही, आणि तुम्ही खुशाल तेच गिऱ्हाइकाला द्याल. म्हणून पैशाच्या हिशोबात झिपच्या कंसात स्ट्रिक्ट इक्वल टू ट्रू लिहायचंच, मग लांबी जुळली नाही की सरळ व्हॅल्यूएरर येते. ही सोय 3.10 पासून, म्हणजे ऑक्टोबर 2021 पासूनची आहे, कॉलेजच्या लॅबमध्ये जुनं व्हर्जन असेल तर आधी दोन्ही लेन तपासून घ्या. कमी पडलेल्या जागी शून्य धरून चालणार असेल तर आयटरटूल्स या मॉड्यूलमधलं झिप लाँगेस्ट वापरा, फिलव्हॅल्यू, म्हणजे रिकाम्या जागी भरायचा आकडा, मात्र आपण द्यायची, नाहीतर नन, म्हणजे ‘काहीच नाही’, येतं आणि गुणाकार अडकतो. दर नसताना शून्य धरणं मला तरी पटत नाही, भाजी फुकट जाते हो.

आणि झिप एकदा फिरवलं की संपतं, तेच व्हेरिएबल दुसऱ्या लूपला दिलं तर रिकामं निघेल, परत लागणार असेल तर लिस्टमध्ये भरून ठेवा. हजारो आकडे असतील तर नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी घ्या, तिथे अ‍ॅरे केल्यावर किलो गुणिले दर असं थेट लिहिता येतं. तीन भाज्यांसाठी कशाला?