दिवाळीत टस्कनी: ‘ग्लॅडिएटर’चा गहू तेव्हा शेतात नसतो

दिवाळीच्या सुट्टीत वडील आणि मुलीला घेऊन इटलीतल्या टस्कनीत चित्रपटांची ठिकाणं गाडीने बघायची आहेत, ही तुमची पोस्ट वाचली आणि आमची २०१८ ची सहल जशीच्या तशी आठवली. दिवाळीची सुट्टी, बरोबर वडील, फ्लॉरेन्सजवळून घेतलेली भाड्याची गाडी, हाताशी चार दिवस, आणि यादीत सगळ्यात वर ‘ग्लॅडिएटर’ चित्रपटातलं ते गव्हाचं शेत. तुमच्या यादीत फक्त मुलीसाठी व्होल्तेरा गाव जास्तीचं आहे, त्याबद्दल खाली लिहिते. व्हिसा, विमा, आरटीओकडून इंटरनॅशनल परमिट हे सगळं तुम्ही करालच, त्यात शिरत नाही.

आमची सगळ्यात मोठी चूक महिना निवडण्यात झाली. पैसे दुसरीकडे गेले, पण ज्यासाठी एवढ्या लांब गेलो तेच दिसलं नाही.

चित्रपटात नायक मॅक्सिमसचं घर स्पेनमध्ये दाखवलंय, पण तो घराकडे चालत येतो ते शेत टस्कनीतल्या वाल दोर्चा खोऱ्यात, पिएंझा गावाच्या खाली, तेर्रापिल्ले नावाच्या शेतघराजवळ आहे. गावातून उतरलं की कोर्सिन्यानोचं जुनं दगडी चर्च लागतं, तिथून पुढे कच्चा पांढरा रस्ता. आम्ही मोठ्या हौसेने चालत गेलो. वळणावरून समोर बघितलं तर डोंगरउतारभर नुसती नांगरट. राखाडी-तपकिरी, डोक्याएवढी ढेकळं. सायप्रसची झाडं होती, रस्ता होता, गव्हाची काडीही नव्हती. मी फोनवर चित्रपटातलं दृश्य लावून बाबांना दाखवत होते आणि बाबा खाली बसून ढेकूळ हातात फोडून बघत होते. आमचे बाबा निफाडकडचे, जन्म शेतीत गेलेला. म्हणाले, “अगं, ही तर पेरायची वेळ. गहू आत्ता कुठून दिसणार तुला?” नवऱ्याने तीन महिने व्हिडिओ पाहिले, मी ब्लॉग वाचले, पण घरात बसलेल्या शेतकऱ्याला एकदा विचारावं हे आम्हाला सुचलं नाही.

तर सरळ सांगते. तिकडेही गहू आपल्या रब्बीसारखा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच पेरतात. पण थंडी लांबते, म्हणून कापणी आपल्यासारखी मार्चमध्ये नसते, जूनअखेर ते जुलैत होते. हिरवेगार उतार बघायचे तर एप्रिल ते मेचा मध्य. सोनेरी गहू हवा तर जून. ऑगस्टनंतर धसकटं आणि नांगरट. महाराष्ट्रातल्या शाळांची उन्हाळी सुट्टी याला अगदी बरोबर जुळते, मग दिवाळीचा हट्ट कशाला? तुमच्या एजंटने “ऑफ-सीझन, स्वस्त पडेल” एवढंच सांगितलंय ना? आमच्यानेही तेवढंच सांगितलं होतं. शिवाय ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे जातात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी जेवायला बसलात की दिवस संपला म्हणून समजा.

आता पैसे कुठे गेले ते. सिएना शहरात आमचं हॉटेल जुन्या भागात होतं, तिथे परवानगीशिवाय गाडी नेायला बंदी असते. गाडी घेताना काउंटरवर मी स्वतः विचारलं, हॉटेलच्या दारापर्यंत गाडी नेता येईल का? बाई म्हणाल्या, हॉटेलचे पाहुणे असाल तर चालतं. अर्धंच सांगितलं. हॉटेलने तुमच्या गाडीचा नंबर पालिकेकडे कळवलेला असेल तरच चालतं. आम्ही सामान उतरवायला एकदा आत गेलो, दुसऱ्या दिवशी घ्यायला परत. सात महिन्यांनी पुण्याच्या पत्त्यावर दोन दंड आले, कारण प्रत्येक वेळचा दंड वेगळा. त्याआधीच त्या गाडीवाल्या कंपनीने आमचं नाव-पत्ता पोलिसांना दिल्याचे वेगळे पैसे क्रेडिट कार्डावरून कापले होते, तेही दोनदा. मी चार मेल केले. प्रत्येक वेळी तेच छापील उत्तर, कराराचं अमुक कलम वाचा. चुकीची माहिती तुमच्याच माणसाने दिली, यावर एक अक्षर नाही. अजून राग येतो.

म्हणून पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ आणि ‘झोना त्राफिको लिमितातो’ (म्हणजे असाच बंदीचा भाग) दिसलं की गाडी तिथेच वळवा. दिव्याच्या पाटीवर ‘वार्को अत्तीवो’ असेल तर बंदी चालू आहे, त्यात ‘नोन’ शब्द असेल तर नाही. हॉटेलला गाडीचा नंबर आधी मेल करा आणि लेखी उत्तर घ्या. दंड आलाच तर नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत भरल्यास तीस टक्के सूट असते. मी वकील नाही, वेळा आणि नियम गावागणिक वेगळे असतात, त्या त्या पालिकेच्या साइटवर खात्री करा.

व्होल्तेराचं. ‘ट्वायलाइट’ मालिकेतल्या ‘न्यू मून’ चित्रपटाची गोष्ट तिथे घडते हे खरं, पण चित्रीकरण मोंतेपुल्चानो गावाच्या मोठ्या चौकात झालं. दोन्हींमध्ये गाडीने साधारण दोन तास. व्होल्तेरा सुंदर आहे, पण मुलीला चित्रपटातला चौक बघायचा असेल तर मोंतेपुल्चानो, आणि ते पिएंझाच्या अगदी जवळ आहे. तसंच कोर्तोना गावात ‘अंडर द टस्कन सन’ चित्रपटातलं कारंजं शोधू नका, ते चित्रपटापुरतं उभारलं होतं.

तिकिटं काढून झाली असतील आणि दिवाळीतच जायचं असेल, तर माझं मत असं की शेतं सोडा आणि भिंतींच्या आतलं बघा. ‘द इंग्लिश पेशंट’ चित्रपटातला मठ, सांत’आन्ना इन काम्प्रेना, पिएंझापासून सहा-सात किलोमीटरवर आहे. तिथल्या भोजनगृहात सोदोमा या चित्रकाराची भित्तिचित्रं आहेत. जायच्या आधी फोन करा. त्याच चित्रपटात किप हा सैनिक हाना या नर्सला दोरीने वर उचलतो आणि ती मशालीच्या उजेडात जी चित्रं बघते, ती आरेत्सो शहरातल्या सान फ्रान्चेस्को चर्चमधली, पिएरो देल्ला फ्रांचेस्का या चित्रकाराची. वेळ ठरवून तिकीट घ्यावं लागतं. मान वर करून मी अर्धा तास उभी होते. आरेत्सोतच ‘लाइफ इज ब्यूटिफुल’ चित्रपटातला तो उताराचा चौक आहे. फक्त महिन्याचा पहिला रविवार आणि त्याआधीचा शनिवार टाळा, जुन्या वस्तूंच्या बाजाराने चौक भरून जातो. आरेत्सोला फ्लॉरेन्सहून रेल्वेने जा, गाडी नकोच. छापील तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्या.

वडिलांचे गुडघे दुखतात असं लिहिलंय, तर त्यांना तेर्रापिल्लेपर्यंत उतरवू नका, परतीचा चढ दमवतो. पाऊस झाला असेल तर ती माती बुटाला किलोभर चिकटते. पिएंझात तटाच्या कडेने सपाट वाट आहे, तिथून सगळं खोरं आणि पलीकडे आमियाता डोंगर दिसतो. आमचे बाबा दुसऱ्या दिवशी तिथेच थांबले. खाली ऑलिव्हच्या झाडांखाली जाळ्या पसरून तोडणी चालली होती, दोन तास तेच बघत होते.