बीपीची गोळी आणि लेकीचं एम.एस्सी.

चिपळूणहून एसटीत कंडक्टर असलेल्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला ऑरगॅनिकमध्ये एम.एस्सी. करून 'नायट्रोजनच्या रिंगांवर' काम करायचंय. ते लिहितात, "लोट्याचा, म्हणजे केमिकल कारखान्यांच्या वसाहतीचा, स्टॉप आला की पॅसेंजर नाकाला रुमाल लावतात. त्या वासात पोरीला कशी धाडू? त्यापेक्षा बी.एड. बरं ना?" ताजा कलम: बीपीची गोळी सुरू झाली आहे, अॅम्लोडिपिन पाच.

नमस्कार. ती गोळी जरा हातात घ्या. तिच्या रेणूत सहा अणूंचं एक कडं, म्हणजेच रिंग, आहे, पाच कार्बन आणि एक नायट्रोजन. असं कडं बांधायची रीत हान्च या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते, 1881-82 सालची. एक अल्डिहाइड, असिटोअसेटिक एस्टरचे दोन रेणू आणि अमोनिया अल्कोहोलमध्ये उकळायचे. फ्लास्क गार झाला की तळाशी पिवळसर स्फटिक बसतात. लेकीला विचारा, ती कागदावर काढून दाखवेल. हे औषध रक्तवाहिनीच्या स्नायूत कॅल्शियम शिरू देत नाही, म्हणून वाहिनी सैलावते. (त्यानं पाय सुजू शकतात. तुम्ही दिवसभर उभे असता; सूज दिसली तर डॉक्टरांना सांगा.)

टीबीची आयसोनायझिड, शाळेत देतात ती जंताची अल्बेंडॅझोल, पित्ताची ओमेप्राझोल, सगळ्यांत अशीच नायट्रोजनची कडी. 2014 मध्ये अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त औषधांची मोजदाद झाली. छोट्या रेणूंच्या औषधांपैकी 59 टक्क्यांत ती निघाली. म्हणजे मुलीनं धरलेला विषय आडवाटेचा नाही.

वास खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण प्लांटमधली शिफ्ट, क्यूसीत (माल तपासणाऱ्या विभागात) एचपीएलसी या तपासणी यंत्रासमोर बसणं आणि आर अँड डीत (संशोधन विभागात) नवा रेणू घडवणं ही तीन वेगळी आयुष्यं आहेत. नुसत्या बी.एस्सी.वर पहिली दोनच दारं उघडतात. आणि बी.एड. कुठे पळून जात नाही, एम.एस्सी.नंतर केलं तर ज्युनिअर कॉलेजात शिकवता येतं.

तिनं जॅम या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरावा, आयआयटीतल्या एम.एस्सी.चं दार त्यातून उघडतं. मला मात्र तिचे मार्क नकोत. फसलेल्या एका प्रयोगाची, जर्नलमधली दोन पानं फोटो काढून पाठवा. यील्ड (हाती आलेला माल) का पडलं, हे तिनं स्वतःच्या शब्दांत लिहिलंय का, तेवढं पाहतो आणि मग तिच्याशी थेट बोलतो.