मोमिनाबादचा शिपाई

प्रश्न : पणजोबांचे थोरले भाऊ पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कामी आले. घरात त्यांचे पदक आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या युद्धात पडलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या यादीत त्याच नावाचा शिपाई सापडला, पण पत्ता ‘मोमिनाबाद, भीर, हैदराबाद’ असा आहे. तो आमचाच का? त्यांची बायको-मुले कोण, हे कुठे कळेल?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : पत्ता तुमचाच. निजामाच्या काळात अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत, आणि इंग्रजी कागदांत बीडचे ‘भीर’ होई. हैदराबाद म्हणजे इथे शहर नव्हे, संस्थान. पण पत्ता जुळला म्हणून माणूस तुमचा ठरत नाही. एका तालुक्यात एकाच नावाचे दोघे-तिघे सहज निघतात.

आधी पदकाची कड पाहा. तिच्यावर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. तिरप्या उजेडात भिंगाने वाचा. चिंच-मीठ लावून घासू नका, अक्षरे झिजतात. नंबर पलटणीपलटणीचे वेगळे असत, म्हणून नंबर आणि पलटण दोन्ही यादीशी जुळायला हवीत. नावाच्या स्पेलिंगवर मात्र अडून बसू नका. कारकुनाने कानावर पडले तसे उतरवलेले असते. इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर नाव कोरलेले नाही, याचाही अर्थ लावू नका. तिथे हिंदी सैन्याच्या अधिकाऱ्यांचीच नावे कोरली, शिपायांची नाहीत.

पलटण मराठा असेल आणि बेळगावला मराठा रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला लिहायचे असेल, तर पलटणीचा जुना क्रमांकच लिहा. 1922 च्या फेररचनेत ते बदलले; 110 वी मराठा पलटण रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली. पण तिथून घरच्या माणसांची माहिती येईल, यावर फार भिस्त ठेवू नका.

ती गावच्या कागदांत शोधायची. इथे बहुतेक जण जन्म-मृत्यूची नोंद शोधत बसतात आणि हात हलवत परततात. माणूस परमुलखात गेला, गावच्या वहीत त्याचा मृत्यू कशाला येईल? शोधायची ती वारसाची नोंद. जमीन त्यांच्या नावावर असेल, तर ती पुढे बायकोच्या, मुलाच्या की भावाच्या नावावर गेली, यावरून घर उलगडते. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव आणि सर्व्हे नंबर देऊन 1954-55 च्या खासरा पत्रकाची (जमिनीच्या नोंदीच्या कागदाची) नक्कल मागा आणि तिथून जुन्या फेरफारांकडे मागे जा.

निजामकालीन कागद बहुधा उर्दूत आणि साल फसली, म्हणजे महसुली कालगणनेचे; त्याचे इसवी साल काढावे लागते. सरसकट 590 मिळवले की गफलत होते, कारण संस्थानचे फसली साल ऑक्टोबरात सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या नोंदीला 590, जानेवारीपासून पुढे 591. उदाहरणार्थ, मेसोपोटेमियातले कूट शहर तुर्कांच्या हाती पडले तो एप्रिल 1916 फसली 1325 मध्ये येतो. वारसनोंद लगेच होतेच असे नाही. पुढची काही सालेही चाळा.

जमीन नसेल, किंवा ती वडिलांच्याच नावावर राहिली असेल, तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळी पाहा. घरातले कोणी क्रियाकर्माला तिथे गेले असेल, तर वडील, भाऊ, मुले अशी नावे एकाखाली एक मिळू शकतात. जाताना आडनाव, जात आणि मूळ गाव सांगा. आजचे राहते गाव सांगून उपयोग नाही. जुनी पाने मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा सोबत न्या.