कन्स्ट्रिक्ट या इंग्रजी शब्दाला समानार्थी शब्द कोणते आणि तो नेमका कुठे वापरायचा?

कन्स्ट्रिक्ट म्हणजे चहूबाजूंनी आवळून एखादी गोष्ट अरुंद करणं किंवा ती आपोआप आकसणं. जवळचे शब्द नॅरो, टायटन, स्क्वीझ, कॉम्प्रेस, पण सगळीकडे अदलाबदल चालत नाही बरं का. हा शब्द जास्त करून शरीराच्या बाबतीत येतो, थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, निकोटिननेही आकसतात, आणि प्रखर उजेडात डोळ्याची बाहुली लहान होते तिथे ‘प्युपिल्स कन्स्ट्रिक्ट’ असंच म्हणतात, अंधारात ती मोठी होते ते डायलेट, म्हणजे विरुद्धार्थी शब्दही मिळाला. हातापायाच्या स्नायूंना मात्र कॉन्ट्रॅक्ट वापरा.

अजगर भक्ष्याला विळखा घालतो तेही कन्स्ट्रिक्टच, बोआ कन्स्ट्रिक्टर या अजगरासारख्या सापाचं नाव त्यावरूनच आलंय, आणि बऱ्याच जणांना वाटतं तो श्वास कोंडून मारतो पण २०१५ मध्ये बोआवरचं संशोधन आलं त्यात दिसलं की विळख्याने काही सेकंदातच भक्ष्याचा रक्तप्रवाह बंद पडायला लागतो, भारी आहे ना!

सगळ्यात जास्त घोळ रिस्ट्रिक्टशी होतो. ते म्हणजे मर्यादा घालणं, डॉक्टर मीठ कमी खा सांगतात ते रिस्ट्रिक्ट, तिथे कन्स्ट्रिक्ट अजिबात लिहू नका. नाम हवं असेल तर कन्स्ट्रिक्शन.