केसरबाईंच्या शेजारी कोण वाजवतंय?

प्रश्न : ‘व्हॉयेजर’ अंतराळयानांवरच्या गाण्यांच्या तबकडीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे आम्हा गोंयकारांना तोंडपाठ. परवा पूर्ण यादी वाचली. तीत ‘डेव्हिड मन्रो’ असं नाव आहे आणि होलबर्न या इंग्रज संगीतकाराची १५९९ सालची रचना. त्या काळचं रेकॉर्डिंग नाही, मग ती कशी वाजवायची हे यांना कळलं कसं?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : पूर्ण कळलंय असं कुणीच छातीठोक सांगणार नाही. केसरबाईंसमोर त्यांचे गुरू अल्लादिया खाँसाहेब बसलेले असायचे, चुकलं की तिथल्या तिथे कळायचं. ती रचना वाजवणाऱ्या मन्रोच्या वाट्याला तुटलेली परंपरा आली. हातात काय, तर स्वरलिपीचे कागद, संग्रहालयातली जुनी वाद्यं आणि प्रेटोरियस या जर्मन संगीतकाराचा वाद्यांवरचा १६१९चा ग्रंथ. त्याच्या चित्रांत वाद्यं मापाला धरून काढलीत, हे मोठंच नशीब.

मन्रो १९४२चा, बर्मिंगहॅमचा. केंब्रिजला शिकला इंग्रजी साहित्य! त्याआधी पेरूत मुलांना शिकवायला गेला आणि तिकडच्या बासऱ्या घेऊन परतला. केंब्रिजात एका मित्राच्या भिंतीवर त्याला क्रमहॉर्न टांगलेला दिसला, आणि गडी त्यातच अडकला. संगीत-इतिहासकार थर्स्टन डार्ट यांनी त्याला उत्तेजन दिलं.

क्रमहॉर्न म्हणजे छत्रीच्या मुठीसारखं खाली वळलेलं वाद्य. पत्ती सनईसारखीच दुहेरी, पण तिच्यावर लाकडी टोपी, त्यामुळे ओठ पत्तीला लागतच नाहीत. सनईवाला ओठांनी जी करामत करतो, ती इथे बंद. जोरात फुंकलं तर सूरच हलतो. जेमतेम नऊ-दहा सूर. एवढ्यावर नाचाची लय कशी उभी करायची, हे ग्रंथ सांगत नाही. फुंकूनच शोधावं लागतं. मन्रो संशोधक म्हणून मला पटतो तो इथे.

१९६७मध्ये त्याने क्रिस्टोफर हॉगवुड वगैरेंना घेऊन ‘अर्ली म्युझिक कन्सोर्ट’ हा जुन्या संगीताचा वाद्यवृंद काढला. बीबीसीवर मुलांसाठी ‘पाइड पायपर’चे ६५५ भाग केले. मे १९७६मध्ये, ३३व्या वर्षी, त्याने आयुष्य संपवलं. यानं उडाली त्यानंतरच्या वर्षी.

होलबर्नने आपल्या संग्रहावर व्हायल (गजाने वाजवायचं जुनं तंतुवाद्य), व्हायोलिन किंवा फुंकायची वाद्यं, काहीही चालेल असं छापलं होतं. मन्रोने तबकडीतल्या तुकड्यासाठी रेकॉर्डर घेतले. (टेपरेकॉर्डर नव्हे, उभी धरायची बासरी. नातीचा शाळेतला प्लास्टिकचा रेकॉर्डर मी गुपचूप वाजवून पाहिला. खालच्या सुराला जरा जास्त फुंकलं की किंचाळतो. नात जागी झाली.)

तुकडा १ मिनिट १७ सेकंदांचा. दोनाचे आणि तिनाचे गट एकमेकांत असे अडकवलेत की हात टाळीवर बसत नाही. घरात कुणी तबला वाजवणारं असेल तर त्याला ऐकवा, आणि पहिल्या खेपेला सम सापडते का ते मला कळवा.