मामांची वायनरी आणि टी.वाय.चा भाचा

ऐरोलीहून एका आईंचं पत्र आलं आहे. मुलगा वाशीच्या कॉलेजात टी. वाय. बी.एस्सी.ला आहे, विषय मायक्रोबायोलॉजी. वडील रबाळे एमआयडीसीत नोकरीला. आईंच्या भावाची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आणि छोटी वायनरी आहे. मामांचा स्वतःचा मुलगा कॅनडात राहिला, त्यामुळे ते भाच्याला म्हणतायत, 'परीक्षा झाली की ये, तूच सांभाळ.' मुलाने एम.एस्सी.चा विचार सोडून दिला आहे. पहिल्याच वर्षी तीन नव्या वाइन बाजारात आणायच्या म्हणून त्याने लेबलांची डिझाइनंही करून ठेवली आहेत. आईंचे प्रश्न असे : याला करिअर म्हणायचं का? आधी एमबीए करायला लावू का? आणि 'पोरगा दारूच्या धंद्यात गेला' असं सोसायटीत म्हणतील, त्याचं काय?

ताई, लोकांचं आधी उरकून टाकू. वाइन ही दारूच आहे. 'द्राक्षांचा रसच तो' असं सांगून नातेवाइकांची समजूत घालायला जाऊ नका. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, त्यावर केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. तो निर्णय शेवटी कागदावरच राहिला. या धंद्यात उघड जाहिरात करता येत नाही, माल कुठे विकायचा ते सरकार ठरवतं आणि एखाद्या आंदोलनाने वर्षाचं गणित फिरू शकतं. घरात कुणाला, म्हणजे मुलाच्या बाबांना किंवा आजीला, हे मनापासून पटत नसेल तर आत्ताच समोरासमोर बोलून घ्या. लिफ्टमधल्या कुजबुजीसाठी मात्र निर्णय बदलू नका.

आता करिअरचं. आहे, चांगलं आहे, पण मुलगा ज्या टोकाने त्याच्याकडे बघतोय ते टोक सर्वात शेवटी येतं. लेबल म्हणजे वरात. त्याच्याआधी सगळं लग्न पार पाडायचं असतं.

राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ साली आलं आणि नाशिक, सांगली, पुण्याकडे वायनरींचं पीकच आलं. २००८ नंतर मंदी आली, टाक्यांमध्ये वाइन पडून राहिली, द्राक्ष उचलायला कुणी येईना आणि शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा मुळासकट काढल्या. मामा त्यातून तगले असतील तर ते कसे तगले, हे भाच्याने त्यांच्याकडून सविस्तर ऐकून घ्यावं. एमबीएच्या वर्गात हे कुणी शिकवणार नाही. म्हणून एमबीए तूर्त बाजूला ठेवा.

वायनरीचं वर्ष कसं चालतं ते बघा. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी छाटणी, आणि माल तोडायला येतो जानेवारी ते मार्चच्या दरम्यान. आपल्याकडे मार्चात ऊन चढतं तसा द्राक्षातला आंबटपणा भराभर उतरतो. दोन दिवस उशीर झाला तरी वाइन सपक होते. म्हणून पहाटे तोडणी, सकाळी क्रशर, आणि मग टाक्या. लाल वाइनच्या टाकीत आंबवण सुरू झाली की साली वर येऊन जाड थर धरतात. तो थर दिवसातून अनेकदा खाली दाबावा लागतो, रात्रीसुद्धा. पांढऱ्या वाइनच्या टाकीचं तापमान पंधरा-सोळा अंशांच्या आसपास राखायचं असतं, आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. टाकीत साचणारा कार्बन डायऑक्साइड दिसत नाही. जगभर वायनरींमध्ये त्याने माणसं गेली आहेत, त्यामुळे टाकीत उतरण्याचे नियम पहिल्या दिवशी पाठ करायचे. बाकीचा बहुतेक वेळ धुण्यात जातो. पाइप, टाक्या, पंप, फरशी, आणि पुन्हा पाइप. त्यात ३१ मार्चला उत्पादन शुल्क खात्याचं वर्ष संपतं, म्हणजे तोडणी आणि परवान्यांचं नूतनीकरण हातात हात घालून येतात.

मायक्रोबायोलॉजी मात्र वाया जाणार नाही. यीस्ट कधी दमलं, तिखट मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू कामाला लागले की नाही, बॅरलला घोड्याच्या तबेल्यासारखा वास का येऊ लागला, व्हिनेगरच्या वाटेला कोणती बॅच निघाली, हे सगळं त्याच्याच विषयातलं आहे. लहान वायनरीत हे ओळखणारा माणूस घरचा असला तर मोठाच आधार.

तीन नव्या वाइनबद्दल माझं मत स्पष्ट आहे : एक. तीही छोट्या बॅचची. एक टन द्राक्षांतून साधारण सहाशे ते सातशे लिटर वाइन मिळते, म्हणजे आठशे-नऊशे बाटल्या. द्राक्षांचे पैसे फेब्रुवारीत मोजायचे. शिराझसारखी लाल वाइन ओकच्या बॅरलमध्ये वर्षभर मुरवली तर तिचे पैसे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येणार. २२५ लिटरच्या एका बॅरलमध्ये तीनशे बाटल्यांचा माल अडकून पडतो, आणि फ्रेंच बॅरल स्वस्त नसतं. शेनिन ब्लां किंवा सोव्हिन्यों ब्लांसारखी पांढरी वाइन त्याच वर्षी बाटलीत जाते, विकली जाते आणि घर चालवते. प्रत्येक नव्या लेबलची उत्पादन शुल्क खात्याकडे नोंदणी, तिचं शुल्क, दुसऱ्या राज्यात विकायचं तर तिथली वेगळी नोंदणी. शिवाय दुकानदार विचारतो, 'मामांची जुनी वाइन ठेवतोय ना, ही आणखी कुठे ठेवू?' वितरकाची उधारी वेगळीच. तीन लेबलं म्हणजे ही सगळी डोकेदुखी तिप्पट.

मग ती एक वाइन कोणती? हा निर्णय मामांचा आणि त्याचा. मी फक्त एक गोष्ट सुचवते. त्याच्या यादीत जांभळाची वाइन आहे असं तुम्ही लिहिलंय. मला त्यातली तीच विचार करण्याजोगी वाटली. पालघरच्या बहाडोली जांभळाला भौगोलिक मानांकन आहे, आणि जांभूळ येतं मे-जूनमध्ये, म्हणजे द्राक्षांचा हंगाम आटोपल्यावर, काही टाक्या मोकळ्या असताना. पण जांभूळ दोन दिवसांतच खराब व्हायला लागतं, द्राक्षापेक्षा साखर कमी, तुरटपणा जास्त. तेव्हा आधी पन्नास लिटरची चाचणी, चार अनोळखी माणसांना चाखायला, आणि परवान्यात हे फळ बसतं का याची एक्साइज कचेरीत चौकशी. डिझाइन त्यानंतर.

शिक्षणाचं म्हणाल तर, सहाव्या सेमिस्टरची परीक्षा संपेल तेव्हा यंदाची तोडणी होऊन गेलेली असेल. हरकत नाही. मे महिना मामांकडे काढू दे. त्या वेळी बाटल्या भरणं, माल रवाना करणं, वसुलीचे फोन, असं अगदी रूक्ष काम चालू असतं आणि तेच बघायला हवं. समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाटाची रडकथा राहिली नाही, पण ऐरोलीत राहून वायनरी सांभाळता येईल, या भ्रमात त्याने राहू नये. रात्री दोन वाजता टाकी तापली तर तिथे हजर असणारा माणूस लागतो. जूनपासून एम.एस्सी. पुन्हा विचारात घ्या. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइन आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम आहेत. यंदाचे प्रवेश आणि पात्रता त्यांच्याकडूनच विचारून घ्या. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही मांजरीलाच आहे. प्रवेश नाहीच झाला तर पुढची जानेवारी ते मार्च ही तोडणी दुसऱ्याच्या वायनरीत हंगामी कामगार म्हणून करावी. तिथे त्याला 'मालकांचा भाचा' म्हणून कुणी चहा आणून देणार नाही. युरोपातली तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये असते, त्यामुळे पुढे एकाच वर्षात दोन हंगाम बघता येतात. वाइन चाखण्याची आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रं विक्रीसाठी उपयोगाची आहेत, पण त्यांनी वाइन करता येत नाही. आणि चाखून थुंकायची सवय लावून घे म्हणावं. या धंद्यात गिळणारा माणूस फार दिवस टिकत नाही.

एक काम तो इथे बसूनही करू शकतो, आणि मामांना बहुधा त्याचीच सर्वात जास्त गरज असेल. ठाण्यात, वाशीत, पाम बीच रोडवर, घोडबंदरच्या नव्या वस्तीत वाइन ठेवणारी हॉटेलं आणि दुकानं आहेत. दर शनिवारी त्यांच्याकडे जाऊन काय खपतं, मालक काय स्कीम मागतो, जुना माल किती पडलाय, हे वहीत लिहावं. मार्केटिंगचा जो अभ्यास तुम्ही एमबीएत शोधताय, त्यातला बराचसा इथे फुकट आहे.

शेवटचं थोडं अवघड, आणि ते तुम्हालाच करावं लागेल, कारण मामा तुमचे भाऊ आहेत. भाच्याला महिन्याचा पगार किती, किती वर्षांनी भागीदारी, कॅनडातल्या मुलाचा हिस्सा कसा राहणार, परवाना कुणाच्या नावावर, कर्ज किती आणि गहाण काय, हे लिहून घ्या. 'आपल्यात कशाला कागद' असं ते म्हणतील. तरीही घ्या, आणि सीएला दाखवा. त्याच बैठकीत गेल्या तीन वर्षांचा शिल्लक बाटल्यांचा हिशेबही मागा. तो आकडा हातात आला की मला पुन्हा लिहा, मग जांभळाचं काय करायचं ते बोलू.