वाचक विचारतात : शॅकलटन तरला कशावर?

प्रश्न : ‘एंड्युरन्स’ जहाज अंटार्क्टिकाच्या बर्फात चिरडून बुडालं, तरी मोहिमेचा नेता शॅकलटन याचे सगळे लोक जिवंत परतले. याला नेतृत्व म्हणायचं की निव्वळ नशीब?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नशीब होतंच. जेमतेम सात मीटरची होडी, सहा माणसं आणि मदत आणायला एलिफंट बेटापासून दक्षिण जॉर्जिया बेटापर्यंत सुमारे १,५०० किलोमीटरचा खवळलेला समुद्र. वाट काढणाऱ्या वर्स्लीला, म्हणजे जहाजाच्या कप्तानाला, सूर्य दिसला तोही मोजक्याच वेळा.

पण त्याआधी कित्येक महिने २८ माणसं बर्फावर एकमेकांना धरून राहिली, ते नशिबाने नव्हे. २७ ऑक्टोबर १९१५ला जहाज सोडावं लागलं. फरच्या स्लीपिंग बॅगा फक्त १८ होत्या, बाकीच्या लोकरीच्या, कमी उबेच्या. चिठ्ठ्या टाकल्या. उबदार बॅगा गेल्या खलाशांकडे. शॅकलटन, त्याचा उजवा हात वाइल्ड आणि वर्स्ली लोकरीत झोपले. चिठ्ठ्यांत काहीतरी हातचलाखी आहे, हे खलाशांच्याही लक्षात आलं होतं! खासगी सामान माणशी किलोभरच न्यायचं ठरलं, पण हसी या सहकाऱ्याचा बँजो शॅकलटनने हट्टाने बरोबर घ्यायला लावला.

तरी मला विचाराल, तर खरा कस लागला तो फ्रँक वाइल्डचा. शॅकलटन होडी घेऊन मदत आणायला गेला आणि एलिफंट बेटावर वाइल्ड धरून २२ जण उरले. एप्रिल ते ऑगस्ट १९१६, उपड्या घातलेल्या दोन होड्यांखाली. शॅकलटन पोचला की बुडाला, कळायला मार्गच नाही. आणि हा गडी समुद्र मोकळा दिसला की सांगायचा, बिछाने गुंडाळा, बॉस आज येईल! जूनमध्ये ब्लॅकबोरो या तरुण पोराच्या डाव्या पायाची बोटं हिमदंशाने सडली. थंडीत क्लोरोफॉर्मची वाफ होईना, म्हणून पेंग्विनची कातडी जाळून खोपटं तापवलं आणि दोघा डॉक्टरांनी बोटं कापली. पोरगं वाचलं. शॅकलटन तीनदा बर्फामुळे माघारी फिरला. चौथ्या खेपेला, ३० ऑगस्टला, चिलीची ‘येल्चो’ बोट घेऊन आला तेव्हा बावीसच्या बावीस जिवंत होते.

‘सगळे लोक’ म्हणताना मात्र एवढं ध्यानात घ्या, की याच मोहिमेची दुसरी तुकडी रॉस समुद्राच्या बाजूने शॅकलटनसाठी वाटेवर अन्नाचे साठे लावत होती. पण ठरल्याप्रमाणे खंड ओलांडून तो त्या बाजूला कधी पोचलाच नाही. त्या तुकडीतले मॅकिंटॉश, हेवर्ड आणि स्पेन्सर-स्मिथ परतले नाहीत.